टाकीतलं नवं पाणी

दामाजी पेटला होता, आणि का पेटू नये? ठाकुर्लीच्या अख्ख्या चाळीने रंगीत टीव्ही घेतले तेव्हा या पठ्ठ्याने काचेची टाकी आणून त्यात गोड्या पाण्यातले झिंगे पाळले. आणि आज बायकोने टाकीतलं सगळं पाणी एका दमात बदललं!

"अगं मालू, अर्धं पाणी जुनं ठेवायचं असतं! नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घालायचं असतं! मारलेस ना माझे झिंगे?"

"वास मारत होती तुमची टाकी. हात घालून घासली, तर वर माझ्यावरच डाफरा!" मालू अंधाऱ्या स्वयंपाकघरातून फणकारली.

दामाजीने काचेला नाक लावलं. झिंगे मेले नव्हते. नव्या पाण्याच्या धक्क्याने त्यांनी कवचं टाकली होती, आणि कोवळं अंग कुणी खाऊ नये म्हणून ते दगडाखाली लपले होते.

तळाशी पारदर्शक कवचं पडली होती. त्यातलं एक बोटांपासून कोपरापर्यंतच्या हाताएवढं लांब होतं. त्याला पाच बोटं होती, नखं होती, मनगटावर बांगड्यांचे वळ होते.

"मालू, बाहेर ये आधी!" तो ओरडला.

"दिवा लावू नका," ओट्याखालून मालू म्हणाली. "आणि अंग कडक होईस्तोवर जवळ येऊ नका. तुम्हीसुद्धा."