दंडावरची काळी फीत

दिवसभर लोकांना पुढच्या तारखा सांगून थकलेली कोर्टातली लिपिक सपना व्हरांड्यात आली. तिच्या दंडावरची काळी फीत पाहून बाकावरच्या लिलाबाईने विचारलं, "कोन गेलं वं माय?"

"कोनी नाही, मावशी. सरकारनं आमाले पगाराची श्रेणी कमी लावली. त्याचा निषेध."

"मंग फीत बांधून काय होते? कोर्टात जा ना!"

सपनाने भिंतीला पाठ टेकली. "गेलो ना. पोरगी पोटात होती तवा केस टाकली. आता ते शाळेत जाते. तारखाच पडून राह्यल्या."

शेताच्या बांधाच्या केसपायी वर्षानुवर्षं आसेगावहून खेपा घालणाऱ्या लिलाबाईने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली. मग ती जराशी सरकली.

"बस मंग इथं. उभ्यानं नाही निघत हे दिवस."