ओठांवरचं आणि कानातलं

मावशींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य लोकांचे आवाज जोडण्यात घालवलं. सत्तरीनंतर मात्र त्यांचे कान दगा देऊ लागले. समोरचा काय बोलतोय, ते त्या आता ओठांवरून ओळखायच्या.

एका दुपारी लेकीनं विचारलं, "चहा टाकू का?" ओठ तेच सांगत होते. पण मावशींना ऐकू आलं, "तो फाटकापाशी आलाय."

"कोण आलंय?"

"कुणी नाही गं आई. चहाचं विचारतेय."

लेक त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं, "वयानं आवाज अर्धवट पोचतो. उरलेलं मेंदू आपल्या मनानं भरून काढतो. घाबरू नका." हे सगळं मावशींनी त्यांच्या ओठांवरून वाचलं. कानात पडलं होतं ते एवढंच, "तो जिना चढतोय."

घरी येताच त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या.

लेक समजूत घालायला समोर येऊन बसली. "घरात आपण दोघीच आहोत," तिचे ओठ म्हणाले.

"तो आत आलाय," मावशींना ऐकू आलं.

त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. लेक हसली. मग तिची नजर मावशींच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. हसू मावळलं. ती हळू आवाजात काही बोलली, आणि या वेळी ओठ आणि आवाज अगदी जुळले.

"आई, तुझ्यामागे हा कोण उभा आहे?"