प्रिंटला न आलेली भिंत

तिसऱ्या प्रिंटमध्येही भिंत आली नाही.

विशाखानं प्लॉटरवरचा कागद कापून टेबलावर पसरला आणि पुन्हा संगणकाकडं पाहिलं. पडद्यावर भिंत ठणठणीत उभी होती. गंगापूरचं घर, चोवीस फुटी हॉल, आणि त्याला बरोबर मधोमध कापत गेलेल्या दोन रेघा. कागदावर मात्र हॉल सलग.

औरंगपुऱ्यातल्या नकाशे छापून देणाऱ्या या दुकानात लागून तिला दोनच महिने झाले होते. मालक श्रीरंग सर सकाळीच जालन्याला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. समोर दोन भाऊ होते. थोरला बद्रीनाथ, पन्नाशीचा, हनुवटीवर जुना व्रण. आल्याआल्या त्यानं विचारलं होतं, "मालक कधी येणार?" संध्याकाळी, असं कळल्यावर तो खुर्चीत निवांत टेकला. धाकटा राजेंद्र उभाच होता.

भांडण काय ते तिला पंधरा मिनिटांत पाठ झालं होतं. राजेंद्रला वेगळं व्हायचं होतं. बद्रीनाथ म्हणाला होता, व्हय, पण कागदावर इंच न् इंच मोजून. आज नकाशावर दोघांच्या सह्या, उद्या सकाळी गवंडी. इंचाइंचासाठी जीव टाकणारी माणसं विशाखानं आपल्या चुलत्यांत पाहिली होती, त्यामुळं थोरला तिला पहिल्यापासूनच आवडला नव्हता.

त्यानं खिशातून पट्टी काढून कागदावर ठेवली. "माप बरोबर आहे. पण भिंत नाय."

"बघते ना, काका."

तिनं रेघ जाड केली. रंग बदलून पाहिला. प्लॉटर बंद करून चालू केला. चौथा कागद निघाला. दारं, खिडक्या, संडासाची फरशीसुद्धा आली; भिंतीचा पत्ता नाही. आपलं डोकं फिरलंय की मशीनचं, हेच तिला कळेना.

"पेननं मारून द्या की रेघ," राजेंद्र वैतागून म्हणाला. "सह्याच करायच्यात."

"हातानं मारलेली चालायची नाय," बद्रीनाथ म्हणाला.

"मग मी फाईलमध्ये तिच्यावरूनच दुसरी भिंत काढते," विशाखा म्हणाली.

"फाईलला हात लावायचा नाय, ताई. एक इंच इकडचा तिकडं झाला तर पुन्हा भांडण. जशी आहे तशीच काढा."

"दादा, तू बघ की जरा."

"मशीन त्यांचं. त्यांनाच बघू दे."

तेवढ्यात गवंड्याचा फोन आला आणि राजेंद्र बोलत दाराबाहेर गेला. विशाखानं हळूच विचारलं, "काका, हे कुणी काढलंय? त्यांनाच विचारते."

"काढणाऱ्यानं काढलं. आता तुम्ही छापा."

अस्सा राग आला तिला! पाचवा कागद तिनं जवळजवळ ओढूनच काढला. हॉल तसाच, मोकळा.

राजेंद्र आत आला. त्यानं तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

"उद्या विटा टाकतो म्हणला गवंडी," तो म्हणाला. आवाज मघाचा नव्हता.

"टाकू दे," बद्रीनाथ म्हणाला. "आईची बाज कुठं टाकायची, तेवढं सांग. आता हॉलच्या मधातच असती. भिंत तिच्यावरूनच जाती."

"माझ्याकडं."

"का? मी थोरला हाय."

"तिला रात्री उठवावं लागतं, दादा. तुला जाग तरी येती का?"

"नाय येत," बद्रीनाथ म्हणाला. "म्हणून तर तू लागतो."

राजेंद्रचं बोट कागदावरच्या मोकळ्या हॉलवरून या टोकापासून त्या टोकाला गेलं. त्या हॉलचा स्लॅब दोघांनी मिळून टाकला होता, पाणी मारायला आळीपाळीनं जागले होते, असं तो कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटला. विशाखाला उगाच भरून आलं. ती की-बोर्ड पुसत बसली.

"येत नाय तर जाऊ दे," राजेंद्र शेवटी म्हणाला. "लई झालं. चल घरी."

"आन् गवंडी?"

"त्याला सांगतो मी."

बद्रीनाथनं मान हलवली, पाचवा कागद गुंडाळून काखेत घेतला आणि दोघं एकाच मोटारसायकलवर बसून गेले. फाईल ज्यात आणली होती तो पेन ड्राइव्ह बद्रीनाथ विसरला. विशाखा हाका मारत बाहेर आली, पण त्यानं मागं पाहिलं नाही.

अर्ध्या तासानं श्रीरंग सरांचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. फाईल उघडीच होती.

"ती भिंत कुठल्या लेयरवर आहे बघ," सर म्हणाले.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. विशाखानं भिंतीवर क्लिक करून नाव वाचून दाखवलं.

"मग कशी येईल? तो लेयर पडद्यावर दिसतो, छापला कधीच जात नाही. कच्च्या खुणा ठेवायला असतो तो. बाकीचं घर?"

"दुसऱ्या लेयरवर आहे. एकटी भिंतच इथं."

"नवशिका असेल कुणी, चुकून गेली तिकडं. गिऱ्हाईक कोण होतं?"

"गंगापूरचे बद्रीनाथ म्हणून होते. त्यांना यातलं काही कळत नसावं, सर. नुसते बसून होते."

सर ते नाव स्वतःशीच पुन्हा म्हणाले.

"हनुवटीवर व्रण आहे?"

"हो. ओळखता तुम्ही?"

"अगं, आयटीआयमध्ये मला हे ड्रॉइंग त्यांनीच शिकवलं."