काट्याला दाद न देणारा टायर

"काट्याला दाद देणार नाही हा," दुकानदार म्हणाला आणि त्याने टायरचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवला. "रबराखालचा हा पट्टा बघा. काच येऊ दे, खिळा येऊ दे, ट्यूबपर्यंत काही पोचायचं नाही."

बायकोने तो तुकडा नखाने दाबून पाहिला. कंबरेला पट्टा बांधलेला असल्यामुळे ती काउंटरला टेकूनच उभी होती. "हाच द्या," ती म्हणाली. "दोन्ही चाकांना."

नवऱ्याच्या हातात दुसरा टायर होता, पातळ आणि हलका. "अगं, जाड टायरने सायकल जड होते. रेसिंगची सायकल आहे ती. चढावर जीव निघेल माझा."

"निघू दे. पण घरी वेळेवर या."

दुकानदार हसला. त्याला वाटलं, नवरा-बायकोचं नेहमीचं चाललंय. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! घरी नाना होते, नवऱ्याचे वडील, एक बाजू लुळी पडलेले. पलंगावरून त्यांना खुर्चीत बसवायचं तर दोन माणसं लागायची. एकाने काखेत हात घालायचा, दुसऱ्याने गुडघे धरायचे आणि 'हं' म्हटलं की एकदम उचलायचं. आठवडाभर हेच. रविवारची सकाळ तेवढी नवऱ्याची. सायकल काढायची, धरणापर्यंत जायचं आणि नानांच्या अंघोळीच्या आत परत यायचं.

गेल्या रविवारी अंघोळीची वेळ टळून गेली तरी तो आला नाही. तिने फोन केला, तर म्हणाला, पंक्चर झालंय. इकडे नाना अंथरुणातच ओले होऊन रडकुंडीला आलेले. तिने वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी एकटीनेच त्यांना उचललं. नाना पडले नाहीत. तिची कंबर गेली. तो आला दुपारी, काळे हात घेऊन, आणि तेव्हा तिलाच त्याची दया आली होती. उन्हात एकटाच अडकला बिचारा, असं वाटलं होतं तिला.

आज नणंद नानांपाशी बसायला आली होती म्हणून दोघं बाहेर पडू शकली. कित्येक महिन्यांनी जोडीने कुठे गेली, तर टायर आणायला.

"एक सांगून ठेवतो हं साहेब," दुकानदार म्हणाला, "मागाहून शिव्या नकोत. हा टायर रिमवर भयंकर घट्ट बसतो. कधी पंक्चर झालंच, तर रस्त्यात काढताना नाकी नऊ येतील. भलेभले रडकुंडीला येतात. जमेल ना तुम्हाला?"

सायकलवाल्याला काहीही म्हणावं. सायकल जुनी झाली म्हणावं, पोट सुटलंय म्हणावं. पंक्चर काढता येतं का, एवढं मात्र विचारू नये. इतका वेळ खांदे पाडून उभा असलेला नवरा एकदम ताठ झाला.

"मला विचारताय? अहो, टायर कुठलाही असू दे. ट्यूब बदलून, हवा भरून दहा मिनिटांत मी परत सीटवर. गेल्या रविवारीच..."



बायकोने तुकडा खाली ठेवला. "दहा मिनिटांत?"

दुकानदाराला अचानक मागच्या कपाटातलं काहीतरी काम आठवलं.

"मग दुपारपर्यंत कुठे होतात?"

"पुलावर."

"कोणाबरोबर?"

"कोण असणार? एकटाच. कठड्यावर बसलो होतो."

"काय करत?"

"काही नाही गं." तो काउंटरकडे बघत म्हणाला. "निघू या म्हणून उठायचो आणि परत बसायचो. पायच वळेनात घराकडे. तुझा फोन आला तेव्हा चाक बसवून झालं होतं. पण पंक्चर म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण इथे कंबर मोडून घेतली आणि हा तिकडे कठड्यावर! ओरडायला तिने तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांसमोर तो पूलच आला. खाली पाणी, वर वारा, आणि हाक मारणारं कोणी नाही. राग तर होताच. पण रागाच्या जोडीला हेवा वाटत होता, आणि इतका हेवा तिला आजवर कोणाचाच वाटला नव्हता. शेजारणीच्या नव्या घराचाही नाही.

"दादा," तिने दुकानदाराला हाक मारली. "यांना जाडच टायर लावा."

"लावतो, वहिनी."

"आणि हा पातळ जिला बसतो, अशी एखादी सायकल माझ्या उंचीला आहे का?"

दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "आहे. पण वहिनी, हा टायर फार नाजूक. जरा खडा लागला की पंक्चर."

"असू दे. हाच हवा."

"अगं, तुला सायकल येते?" नवऱ्याने विचारलं.

"शाळेत सायकलनेच जायचे मी. कंबर बरी झाली की एक रविवार तुमचा, एक माझा."

नवऱ्याने मान डोलावली. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता, पण काहीतरी भरपाई करायची होती. "मी शिकवतो ना तुला पंक्चर काढायला," तो घाईघाईने म्हणाला. "सोपं असतं."

"नको," ती म्हणाली. "तेवढं मला शिकवू नका."