मुठीतला गोळा

गिरीज गावच्या कृष्णाबाई वाडीत घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशनला भूल फक्त कमरेखाली होती, त्यामुळे पडद्यापलीकडून त्या सारखं विचारत होत्या, "सिस्टर, मी उभी कधी राहीन गो? वाडीला पानी कोन घालील?"

सर्जन सरांनी कृत्रिम सांधा पक्का बसवायला हाडात सिमेंट भरलं. उरलेल्या सिमेंटचा लिंबाएवढा गोळा मुठीत धरून बसायचं काम माझं. तो तापून दगडासारखा कडक झाला की आतलंही सेट झालं असं समजायचं आणि सरांना मोठ्याने सांगायचं.

सिमेंट भरल्यावर कधीकधी बीपी कोसळतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. कृष्णाबाई "पानी कोन" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. भूलतज्ज्ञ मॅडमनी त्यांची छाती दाबायला घेतली. माझ्या मुठीतला गोळा चटके देऊ लागला, मग हळूहळू निवत गेला. चाळीस मिनिटांनी मॅडमनी हात काढले आणि घड्याळाकडे पाहिलं.



मी मूठ उघडली आणि सवयीने म्हणाले, "सर, सिमेंट सेट झालं."