जिथल्या तिथं

“पलंग कुणी हलवला?” दारातच सुवर्णाचा आवाज चढला. तिच्यामागून आत आलेल्या लेकीने, स्वरांजलीने, खोली पाहिली आणि कानांवर हात दाबून किंचाळायला सुरुवात केली.

फौजी नवऱ्याची बदली झाली की नवं क्वार्टर आधीच्या क्वार्टरसारखं हुबेहूब लावायचं, हा सुवर्णाचा शिरस्ता होता. पलंग खिडकीखाली, काळी ट्रंक दाराशी. वस्तू जागेवर नसली की लेकीला सोसत नसे. कालच कंबर मोडेपर्यंत राबून सुवर्णाने घर लावलं होतं आणि आज लेकीचं नाव विशेष मुलांच्या शाळेत घालून येते तोवर ही मदत!

“सरप्राइज!” पलटणीच्या कल्याण केंद्राच्या मॅडम खुर्चीवरून उठल्या. “शेजारून किल्ली घेतली, जवान बोलावले, घर कसं मोकळं करून दिलं बघ. अशा मुलांच्या आयांना आधार द्यायचा, असं ठरवलंय आम्ही.”

“मॅडम, आधी विचारायचं तरी! खरंच आधार द्यायचा असेल तर आमच्या सतत होणाऱ्या बदल्या थांबवा.”

“ते वरून ठरतं गं. दुसरं काही सांग.”

सुवर्णाने कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि पलंग ओढायला घेतला. स्वरांजली रडत रडत ट्रंक ढकलू लागली. सगळं जिथल्या तिथं लागलं तेव्हा कुठे तिचं रडं थांबलं. तिने खोलीभर नजर फिरवली. मग मॅडमचा हात धरला, त्यांना उंबऱ्याबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लोटलं.

सुवर्णाने आतून कडी घातली.