कमरेचा पट्टा

उलटलेल्या जीपमधून रणधीरला बाहेर काढलं, तेव्हापासून त्याला कमरेखाली काही कळत नव्हतं. पण दिवाळीनंतर तो म्हणायला लागला, "शर्वरी, मांडीत मुंग्या येतात गं." तेवढ्या एका वाक्यावर तिने जीप पुन्हा उभी केली. आत जाड पाइपांचा पिंजरा बसवून घेतला, रेसच्या खोलगट सीट टाकल्या, नवे पट्टे लावले.

आज गॅरेजवाल्याच्या मदतीने तिने त्याला उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हेल्मेट चढवताच तो अगदी पूर्वीसारखा हसला.

पट्टा टोचला तरच घट्ट, हा त्याचाच नियम. डोंगरातल्या शर्यतींत प्रत्येक चढाआधी तो तिचा पट्टा ओढून विचारायचा, "टोचतोय का?" आज विचारायची पाळी तिची होती. खांद्यांवरचे पट्टे सारखे करून ती कमरेच्या पट्ट्यासाठी वाकली. तो सीटमागे अडकला होता. सोडवता सोडवता तिने उतावीळपणे आधीच विचारलं, "कमरेला टोचतोय का रे?"

"टोचतोय की! चांगलाच टोचतोय," तो समोर बघत म्हणाला.

पट्टा अजून तिच्या हातातच होता.

"मग थोडा सैल करते हं," ती म्हणाली.